लॅपटॉप ‘गेला’ म्हणण्यापूर्वी

२०२३ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. बोईसरला आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी राहिली. म्हणाली, “काका, हा गेला.” वडील तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला, चार हप्ते अजून बाकी. आत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, तो आठ दिवसांत द्यायचा. एका दुकानदाराने स्वतःचा चार्जर लावून बटण दाबले आणि सांगून टाकले, मदरबोर्ड गेला, नऊ हजार रुपये.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली. पण मी स्क्रूड्रायव्हर न घेता तिला विचारले, “तुझा चार्जर कुठाय?” तो घरीच होता!

चार्जर आला. त्याच्या काळ्या ठोकळ्यावरचा दिवा लागेना. त्याच प्लगवर मोबाइल मात्र चार्ज होत होता, म्हणजे प्लग ठीक. मग भिंतीपासून ठोकळ्यापर्यंत येणारी वायर बदलून पाहिली. ही वायर बहुतेक चार्जरना सारखीच असते. दिवा लागला, मल्टिमीटरने पिनवर १९ व्होल्ट दाखवले. तरीही लॅपटॉप ढिम्म.

आता हे लक्षात ठेवा. चार्जर काढायचा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढायची आणि पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरायचे. लॅपटॉप बंद दिसला तरी बोर्डावरची एक छोटी चिप जागी असते. बटण दाबल्याची दखल तीच घेते. लाईट गेली-आली की ती कधीकधी अडकते. उरलेली वीज निघून गेली की ती नव्याने सुरू होते. (तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे, तरी आमच्याकडे पावसात लाईट जाते. ती वीज ग्रिडवर जाते, आमच्या खांबावर नाही!) बटण सोडले, चार्जर लावला, पंधरा मिनिटे थांबलो. पंखा फिरला. पहिले काम केले ते प्रकल्प पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. खर्च म्हणाल तर एका वायरचा.

नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जर असतो. तो मल्टिमीटरने पारखू नका. लॅपटॉपने मागितल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज देतच नाही. मोबाइलचा चार्जर लावून ‘चालत नाही’ म्हणण्यातही अर्थ नाही, त्याची ताकद बहुधा अपुरी पडते.

पंखा वाजतो, पण पडदा काळा? टॉर्च तिरपी धरून पाहा. पुसट चित्र दिसले, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेलेला असतो. केबलने टीव्हीला जोडा, काम चालू राहते.

आपल्या भागाचे एक वेगळे दुखणे आहे. सातपाटीपासून चिंचणीपर्यंत खारी हवा, त्यात कारखान्यांचा धूर. हवेतल्या गंधकाने घरातली चांदीची समई काळी पडते ना, तसेच बोर्डावरच्या तांब्या-चांदीचे होते. रॅमच्या पट्टीवर थर बसला, की यंत्र नुसते बीप देते किंवा दिवा मिचकावते. जाणकाराकडून बॅटरी सोडवून पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवून घ्या. पावसाळ्यात लॅपटॉप आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा, उबेने ओल सुकते. पाणी सांडले असेल तर मात्र चार्जर लावू नका. ओल्या बोर्डात वीज शिरली की गंज झपाट्याने चढतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय तांदूळ वाया घालवण्यापुरताच. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जर काढा आणि ती घरी उचकटू नका.

मदरबोर्ड खरोखरच गेला, तरी आतली डिस्क बहुधा शाबूत असते. काही बारीक लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, तेवढा अपवाद. दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, ते लॅपटॉप चालू आहे तोवरच पाहून कागदावर उतरवून ठेवा.