म्हाताऱ्या, आजारी मांजरीला नवं घर कसं शोधायचं?

आजच्या एपिसोडमध्ये नोकरी नाही, गुंतवणूक नाही आणि एआय तर अजिबात नाही. आज बोलायचंय मांजरीबद्दल. रीलमधल्या गुबगुबीत पिल्लाला घर मिळायला वेळ लागत नाही, त्याची काळजी करायची गरज नाही. मी बोलतोय 14 वर्षांच्या, किडनीचा आजार असलेल्या, रात्री-बेरात्री पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसणाऱ्या मांजरीबद्दल. तिच्या माणसाला तिला सांभाळणं शक्यच उरलं नाही, तर तिचं करायचं काय?

हा प्रश्न आमच्या रामटेकच्या गल्लीत मागच्या फेब्रुवारीत आला. गल्लीतल्या एक आजी, वय 80 च्या पुढे, एकट्या राहायच्या. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलानं ठरवलं की आई आता पुण्याला आमच्याकडे. निर्णय बरोबरच होता. पण सुनेला दमा, मांजराच्या केसांनी तो वाढतो, त्यामुळे मांजर त्या घरात जाऊच शकत नव्हती. हातात होते 3 आठवडे. मांजरीचं नाव मनी. दुसरं काय असणार?

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिला सल्ला आला, "काहून टेन्शन घेऊन राहिला बे? गडावर सोडून दे. लोकं प्रसाद देतात, जगते ते." दुसरा सल्ला, पोत्यात घाल आणि खिंडसीकडे सोडून ये. तिसरा, गोशाळेत विचार. हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. मांजर कुठंही जगतं, हा आपल्याकडचा जुना समज आहे. तरुण, धडधाकट बोक्याच्या बाबतीत तो कदाचित थोडाफार खराही ठरेल. पण हिशोब करून बघा. मांजरीचं पहिलं वर्ष म्हणजे माणसाची साधारण 15 वर्षं, दुसरं वर्ष म्हणजे आणखी 9 आणि त्यापुढचं प्रत्येक वर्ष म्हणजे 4. या हिशोबानं 14 वर्षांची मनी 72 वर्षांची झाली. 72 वर्षांच्या, किडनी अर्धवट चालणाऱ्या बाईला गडाच्या पायऱ्यांवर, वानरांच्या आणि कुत्र्यांच्या राज्यात, नारळाच्या तुकड्यांवर जगायला सोडायचं? ते सोडणं नसतं, मारणंच असतं. फक्त आपल्याला ते बघावं लागत नाही.

कायदाही आहे बरं का. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, त्याचं कलम 11. उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. 1960 मध्ये 50 रुपये मोठी रक्कम असेल, आज त्यात दोन प्लेट तर्री-पोहे येतात. म्हणून म्हणतो, कायद्याच्या भीतीनं कुणी थांबणार नाही. आपणच थांबायला पाहिजे.

आता आजार समजून घेऊ, कारण घर शोधण्याचा सगळा मामला त्यावर अवलंबून आहे. म्हाताऱ्या मांजरींमध्ये किडनीचा जुनाट आजार खूप आढळतो. किडनीचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग मांजर जास्त पाणी प्यायला लागते, जास्त लघवी करते, वजन उतरतं, अंगावरचे केस विस्कटलेले दिसतात. रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि रक्तदाब यावरून डॉक्टर आजाराचा टप्पा ठरवतात. जगभर 4 टप्पे मानले जातात. दुसऱ्या टप्प्यातली मांजर नीट काळजी घेतली तर वर्षानुवर्षं जगू शकते. चौथ्या टप्प्यात मात्र प्रश्न दिवसांचा आणि आठवड्यांचा होतो.

म्हणून घर शोधायच्या आधी टप्पा माहीत करून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात गर्दी असते गाई-म्हशींची आणि शेळ्यांची. मांजरीच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या तिथं होतीलच असं नाही. रामटेकहून नागपूर साधारण 50 किलोमीटर. तिथं सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या दवाखान्यात कुत्री-मांजरंही तपासतात. मनीचा रिपोर्ट आला, दुसरा टप्पा. हा एक कागद हातात आला आणि गल्लीतली भाषाच बदलली. "मरायला टेकलेली मांजर" ची "औषधपाणी लागणारी मांजर" झाली.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मांजरीचा जीव माणसात असतो तितकाच जागेतही असतो. कुत्रं माणसाच्या मागं कुठंही जाईल. मांजरीला तिचा ओटा, तिची खिडकी, तिचा वास लागतो. जागा बदलली की ती घाबरून लपते आणि खाणं सोडते. मांजरीनं 2-3 दिवस काहीच खाल्लं नाही, तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. किडनीच्या रुग्णाला तर हे आणखी जड जातं. म्हणजे मुंबईत कुणी प्राणिप्रेमी तयार झाला म्हणून 800 किलोमीटर दूर पाठवणं हा पहिला पर्याय असू शकत नाही. जवळचं घर पहिलं बघायचं. त्याच गल्लीतलं असेल तर उत्तम.

पण जवळच्या घरी विचारायला गेलं की काय होतं? "मांजर गोड आहे हो, पण आमच्याच्यानं नाही होणार." याचं कारण असं की आपण एका माणसाकडे चार कामं एकदम मागत असतो: जागा, पैसा, औषध आणि शेवटचा निर्णय. ऑफिसात एवढं सगळं एकाच माणसावर टाकलं तर आपणच ओरडतो की हा सुट्टीवर गेला तर प्रोजेक्ट बसेल. मग मांजरीच्या बाबतीत तेच कशाला? कामं वाटून द्या.

आमच्याकडे असंच झालं. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू आधी नाही म्हणाल्या. नीट विचारलं तेव्हा कळलं, त्यांना मांजरीची अडचण नव्हतीच. त्यांना खर्चाची आणि सुईची भीती होती. किडनीच्या मांजरीला कधी कधी कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, ते घरीही देता येतं. डॉक्टर शिकवतात आणि किती द्यायचं तेही तेच ठरवतात. काकू म्हणाल्या, "खाऊ-पिऊ घालीन, ट्रे साफ करीन, पण सुई मी टोचणार नाही." गल्लीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे. ती डॉक्टरांकडून शिकून आली आणि सुई तिच्याकडे गेली. खर्च आजींच्या मुलानं उचलला. खास खाणं, औषध, सलाईन मिळून महिन्याला 3 ते साडेतीन हजार. दर महिन्याच्या 5 तारखेला काकूंच्या खात्यात जमा, मागावं लागत नाही. हे मागावं न लागणं फार महत्त्वाचं आहे. पैसे मागायची वेळ आली की दोन महिन्यांत उपकाराची भाषा सुरू होते.

गल्लीत कुणी मिळालंच नाही, तर पोस्ट टाकायची. इथं बहुतेक लोक "क्यूट" लिहितात आणि आजार लपवतात. असं करू नका. आजार लपवून मिळालेलं घर पहिल्या रक्त तपासणीच्या बिलापर्यंतच टिकतं आणि मांजर पुन्हा रस्त्यावर येते. पोस्टमध्ये वय, आजार, टप्पा, रोजचं काम किती मिनिटांचं, महिन्याचा खर्च किती आणि त्यातला किती तुम्ही देणार, हे स्पष्ट लिहा. फोटो आजचा टाका, 5 वर्षांपूर्वीचा नको. अशा पोस्टला लाइक कमी येतात, पण जो फोन येतो तो खरा असतो. तरीही व्हिडिओ कॉलवर घर बघा. खिडक्यांना जाळी आहे का, आणखी प्राणी आहेत का, घरातले सगळे तयार आहेत का, ते विचारा. आणि पहिले 15 दिवस जमलं नाही तर मांजर परत घेऊ, हा शब्द द्या आणि तो पाळा.

मांजर देताना केटी द्या. आयटीवाल्यांना माहीत आहे, नॉलेज ट्रान्सफर. एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात. औषधाचं नाव, वेळ, प्रमाण. डॉक्टरांचा नंबर. शेवटचं वजन. ती काय खाते, कुठं झोपते, कशाला घाबरते. मनीच्या कागदावर आजींनी स्वतः सांगून एक ओळ लिहून घेतली: "कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाते, शोधत बसू नका." असली माहिती कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते.

त्याच कागदावर "हे देऊ नका" अशी यादी हवीच. पॅरासिटामॉल अजिबात नाही, माणसाची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. इतर पेनकिलरही स्वतःच्या मनानं नाहीत. कांदा-लसूण घातलेला रस्सा नाही. खारवलेली सुकी मासळी नाही. लिलीची फुलं घरात नकोत, ती मांजरीची किडनीच निकामी करतात. आणि दूध-पोळी हे मांजरीचं जेवण नव्हे. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दूध पचत नाही. मांजर मूळची मांसाहारी, त्यामुळे किडनीच्या आजारात पथ्य असलं तरी ते डॉक्टरांनी सांगितलेलंच हवं.

नेताना पिंजरा किंवा झाकणाची टोपली घ्या, पोतं नको. आतमध्ये तिचं रोजचं फडकं टाका, धुतलेलं नको, वास राहू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि किडनीच्या मांजरीच्या अंगातलं पाणी आधीच कमी असतं. म्हणून दवाखान्याची फेरी असो की नवं घर, पहाटे निघा. नव्या घरी पहिला आठवडा एकच खोली. पाणी, खाणं, वाळूचा ट्रे आणि लपायला एक खोकं. उचलून मांडीवर घेऊ नका, तिची ती येईल. रोज किती खाल्लं ते लिहा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता चौथं काम, ज्याबद्दल कुणीच बोलायला तयार नसतं. हा आजार बरा होत नाही, लांबवता येतो. एक दिवस असा येणार की ती खाणार नाही, ट्रेपर्यंत चालणार नाही, अंग चाटायचं थांबवेल. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होतील. तेव्हा डॉक्टरांच्या हातून शांतपणे निरोप द्यायचा का, हे कोण ठरवणार? ज्या घरात ती आहे ते? की जे पैसे देतात ते? हे आधी ठरलं नाही, तर त्या दिवशी फोनाफोनी होते, भांडण होतं आणि त्या वेळात मांजर तळमळत राहते.

आम्ही हा प्रश्न आजींनाच विचारला. मुलगा म्हणत होता, आईला नको विचारू, तिला त्रास होईल. पण तोपर्यंत आजींच्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी दुसऱ्यांनीच ठरवल्या होत्या. घर बंद करायचं, भांडी कुणाला द्यायची, गाडी कधी निघायची. विचारलं तर त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर आणि काकू म्हणतील ते बरोबर. तिचे हाल होऊ देऊ नका. पण मले आधी सांगा." तेवढंच कागदावर लिहिलं. निर्णय डॉक्टर आणि काकूंचा, पण त्याआधी पुण्याला फोन.

मनी सध्या काकूंकडे आहे. वजन 2 किलो 900 ग्रॅम, दोन महिन्यांपासून तेवढंच. दुपारी अजून आजींच्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसते, काकू संध्याकाळी जाऊन घेऊन येतात. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. मनी स्क्रीनकडे बघत नाही, पण आजी तिच्याकडे बघतात.

शेवटचं, तुमच्यासाठी. आपल्यातले किती तरी जण पुण्या-बंगळुरूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आणतात. घरात नीट सांभाळलेली मांजर 15 वर्षंही जगते. म्हणजे 22 व्या वर्षी आणलेलं पिल्लू तुमच्या 37 व्या वर्षापर्यंत. त्यात नोकरी बदलेल, शहर बदलेल, लग्न होईल. मग बऱ्याचदा ती मांजर गावी आई-बाबांकडे पोचते आणि आई-बाबांचंही वय वाढत असतं. पिल्लू आणूच नका असं मी म्हणत नाही. आणण्याआधी एका माणसाचं नाव ठरवा, जो तुमच्यानंतर तिला घेईल. आणि त्याला ते विचारून ठेवा.

घरात म्हातारी मांजर आधीच असेल, तर या आठवड्यात दोन कामं करा. एकदा रक्त तपासून घ्या आणि तो एक पानाचा कागद लिहून फ्रिजवर लावा. आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!