हिमालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे जाकीट

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील गिर्यारोहकांची पहिली शाळा म्हणजे सह्याद्री. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. याहून उंच जागा आपल्या राज्यात नाही. हरिश्चंद्रगडावर पौषातील एक रात्र काढली की आपण थंडी पाहिली असे वाटू लागते, आणि लोकरीचा स्वेटर व एक घोंगडी एवढ्यावर ती रात्र निभावतेही. परंतु आपली मुले आता याहून पुष्कळ वर जाऊ लागली आहेत. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथील मुलाला गोठणबिंदूखालची थंडी ठाऊक असण्याचे कारण नाही. दुकानात जाकीट अंगात घालून ते पुरेल की नाही, हे त्याला सांगता येणार नाही. ती जबाबदारी त्याच्या शिक्षकाची आणि खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. म्हणून आज मी विषय मुद्दाम लहान घेतला आहे : कृत्रिम तंतूंचे भरण असलेले हलके जाकीट.

प्रथम थंडीचा हिशेब पाहू. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. उत्तरकाशी सुमारे १,१५० मीटरवर आहे. तेथे १५ अंश तापमान असेल, तेव्हा ४,७५० मीटरवरील तंबूबाहेर, या हिशेबाने, उणे ८ अंश असेल. वाऱ्याचा मार त्याखेरीज.

जाकीट स्वतः ऊब निर्माण करीत नाही. शरीराची ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम कापडापेक्षा त्यात कोंडलेली हवा करते. आपल्याकडील पिंजारी हे पुस्तकाविना जाणतो. दबून कठीण झालेली गादी तो पिंजतो, म्हणजे कापसात पुन्हा हवा भरतो. कापूस तेवढाच राहतो, पण ऊब परत येते. या कोंडलेल्या हवेची जागा पाण्याने घेतली की सारेच बिघडते, कारण स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे चोवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. डोंगरावर हे पाणी नेहमी आकाशातून येते असे नाही. पुष्कळदा ते घामाच्या रूपाने आतूनच येते.

पक्ष्यांच्या मऊ पिसांचे जाकीट, ज्याला आपली मुले ‘फेदर जॅकेट’ म्हणतात, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून अंगरखा शिवून घेतला होता. सहकाऱ्यांनी आधी थट्टा केली; थंडी वाढली तेव्हा त्याच अंगरख्याचा त्यांना हेवा वाटू लागला. फिंच त्या मोहिमेत ८,३०० मीटरच्या आसपास पोहोचला. वजनाच्या मानाने ऊब मोजली तर आजही उत्तम पिसांची बरोबरी कृत्रिम तंतूंना साधलेली नाही. ७,००० मीटरच्या वर, जेथे हवा कोरडी आणि थंडी कडाक्याची, तेथे पिसेच घ्यावीत. पण पिसे भिजली की त्यांचा गोळा होतो, आणि ढगाळ दिवशी तंबूत तो वाळता वाळत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्याने ओल्यातही टिकणाऱ्या पर्यायाची मागणी केली, आणि आल्बनी इंटरनॅशनल या कंपनीने पॉलिएस्टरच्या अतिसूक्ष्म तंतूंचे भरण तयार केले. ‘प्रिमालॉफ्ट’ या नावाने ते पुढे बाजारात आले. पॉलिएस्टरचा तंतू पाणी शोषत नाही. भिजल्यावर त्याचीही ऊब घटते, पण तो फुगलेला राहतो आणि पिळून अंगावर घातला तरी वाळत जातो. गढवालमध्ये मान्सूनच्या अलीकडे-पलीकडे होणाऱ्या प्रशिक्षणात ओले बर्फ आणि पाऊस दोन्ही भेटतात. तेथे माझे मत निःसंशय कृत्रिम तंतूंच्या बाजूने आहे. शिवाय ते बहुधा स्वस्तही पडते.

आता निवडीचा खरा प्रश्न. चढणारा मनुष्य अर्धा तास घामाघूम होतो आणि पुढचा अर्धा तास जोडीदाराचा दोर सांभाळीत, म्हणजे ‘बिले’ देत, एका जागी उभा राहतो. थंडी बाधते ती या उभे राहण्यात. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले की बोलणे अडखळते, विचार मंदावतो आणि गाठ चुकते. दोराची गाठ चुकणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. चालताना हलके वस्त्र असावे आणि थांबताच सर्व कपड्यांच्या वरून चढविता येईल असे जाड जाकीट पिशवीत सर्वांत वर असावे, ही रीत अमेरिकन गिर्यारोहक मार्क ट्वाइट यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडली. असे जाकीट कृत्रिम भरणाचे असले म्हणजे आतील ओलसर कपडे शरीराच्या उबेनेच वाळू लागतात.

हे जाकीट एक माप मोठे घ्यावे. टोपी हेल्मेटवरून बसली पाहिजे. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर हवेत, आणि साखळी खालूनही उघडणारी हवी, म्हणजे जाकीट न काढता दोर हाताळता येतो. मात्र एक माप मोठे याचा अर्थ एकच माप सर्वांना असा नव्हे. खरेदीत मुलींसाठीही पुरुषांच्या मापाची जाकिटे येतात. सैल घेरातून प्रत्येक हालचालीसरशी गरम हवा बाहेर फेकली जाते, आणि कागदावर उत्तम असलेले जाकीट त्या मुलीच्या अंगावर निकामी ठरते. मापे घेतल्यावाचून मागणी पाठवू नये.

विनिर्देशात ‘उबदार जाकीट, उत्तम प्रतीचे’ असे लिहिले की सर्वांत कमी दराचा माल येतो आणि तो नाकारण्यास आधार राहत नाही. तेथे भरणाचे दर चौरस मीटर वजन लिहावे. चालताना घालावयाच्या वस्त्रास ६० ग्रॅमच्या आसपास, थांबल्यावरच्या जाकिटास १०० ते १३३ ग्रॅम. विक्रेते पाठीपोटाचा आकडा सांगतात आणि बाह्यांविषयी मौन पाळतात, म्हणून बाह्यांचाही विचारावा. शिवणीच्या रेघा फार जवळजवळ असलेले जाकीट दिसावयास झोकदार असते, पण प्रत्येक रेघेत भरण दबते आणि थंडीला वाट मिळते. बाहेरच्या कापडाच्या सुताचा डेनियर हा शब्द इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना पाठ आहे : ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. १० डेनियरचे कापड मोहक हलके, पण खडकावर एका घसटीत फाटते. विद्यार्थ्यांच्या हातात २० ते ३० डेनियरचे बरे. ही सर्व कापडे स्टोव्हजवळ वितळतात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

खरेदीपूर्वी प्रशिक्षण संस्थेशी पत्रव्यवहार अवश्य करावा. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिक्षण देत आहेत. प्रशिक्षणार्थींना कोणते साहित्य तेथेच मिळते, याची यादी आधी मागवली तर पंचायतीचा निधी बुटांसारख्या अधिक निकडीच्या वस्तूकडे वळविता येतो.

परत आलेली जाकिटे भांडारात लहान पिशवीत कोंबून पुढील वर्षापर्यंत ठेवण्याची पद्धत मात्र बंद करावी. सतत दबलेले तंतू मोडतात, आणि त्यांना पुन्हा फुगविणारा पिंजारी अद्याप जन्माला यावयाचा आहे. साध्या सौम्य साबणाने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, ती खुंटीवर टांगावीत. कपाटाला जागा नसेल तर मोठ्या पेटीत सैल ठेवावीत, आणि नोंदवहीत खरेदीचे वर्ष लिहावे. काही हंगामांनंतर उजेडासमोर धरल्यावर जेथे भरण विरळ दिसेल, ते जाकीट सह्याद्रीच्या शिबिरासाठी राखून हिमालयासाठी नवे मागवावे.