स्वस्त सदरा



आठवडी बाजारात पोराला सदरा घेताना आपण घासाघीस करतोच. दुकानदार चार पैसे सोडतो आणि आपण समाधानाने घरी येतो. ते चार पैसे गेले कोणाच्या खिशातून? शेतकऱ्याला हा हिशेब शिकवायला नको. शहरात कांद्याचा भाव पडला म्हणजे मधला व्यापारी आपला वाटा सोडत नाही, गाडीवाला भाडे सोडत नाही. तोटा खाली खाली सरकत येतो, आणि ज्याच्या खाली दुसरे कोणी नाही त्याच्या, म्हणजे तुमच्या, पदरात पडतो. कपड्यांच्या धंद्यात त्या शेवटच्या पायरीवर शिलाईयंत्रापाशी बसलेली बाई असते. आज तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर नावाचे ठिकाण आहे. तिथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती. खाली दुकाने आणि बँक, वर युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी कपडे शिवणारे पाच कारखाने. 23 एप्रिल 2013 रोजी इमारतीला तडे गेले. बँकेने आपली माणसे घरी पाठवली. कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले. वर जायला पाय धजेना, तेव्हा महिन्याचा पगार अडवण्याची धमकी मिळाली. लोक जिना चढले. नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरची जनित्रे सुरू झाली आणि इमारत कोसळली. 1,100 हून अधिक माणसे मेली, त्यांत बायका जास्त. त्या वेळी या धंद्यातले किमान वेतन महिना 3,000 टका होते.

विचार करून बघा. तडा बँकेतल्या कारकुनाला दिसला आणि शिलाई करणाऱ्या बाईलाही दिसला. भीती दोघांनाही वाटली. पण घरी बसल्याने कारकुनाची चूल विझणार नव्हती; बाईची विझणार होती. तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, आणि मालकाला हे पक्के ठाऊक होते.

यावर कोणी म्हणेल, “अहो, त्यांना काय कोणी बांधून आणलं होतं? गावात काम नाही म्हणून त्या आपल्या पायांनी आल्या. कारखानाच नसता तर काय खाल्लं असतं?” या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. या कारखान्यांमुळे लाखो बायकांच्या हातात प्रथमच स्वतःचा पैसा आला, घरात त्यांच्या शब्दाला किंमत आली. पण विहिरीत पडलेल्याला दोर टाकणारा वरून विचारू लागला, “हातातलं कडं देतोस का?” तर बुडणारा देईलच. त्याने राजीखुशीने दिले म्हणून तो सौदा न्यायाचा ठरतो काय? काम देणे चांगलेच. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, त्या गरजेवर आपली पोळी भाजणे ही निराळी गोष्ट आहे.

मग संतापून दुसरे टोक गाठावे, असला माल घेऊच नये, कारखाने बंद पाडावेत, असे वाटते. तेही तपासून पाहिले पाहिजे. 1992 मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये एक विधेयक आले. मुलांनी बनवलेला माल देशात येऊ देऊ नये, असा त्याचा आशय. हेतू चांगला होता. विधेयक मंजूर झाले नाही, पण नुसत्या धास्तीनेच बांगलादेशातल्या मालकांनी सुमारे 50,000 मुले कामावरून काढून टाकली. ती शाळेत गेली काय? नाही. पुढे युनिसेफ आणि इतर संस्थांनी माग काढला, तेव्हा कित्येक मुले खडी फोडताना आढळली, काही मुली तर त्याहून वाईट मार्गाला लागलेल्या. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी याचा विचार करावा: मुलाला कामावरून उठवले म्हणजे ते आपोआप वर्गात येऊन बसत नाही. 1995 मध्ये मालकांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी करार केला. आधी शाळेची सोय, हाती थोडे विद्यावेतन, आणि मग मुलाला कामावरून सोडवायचे. क्रम बदलला आणि काम मार्गी लागले.

राणा प्लाझा पडल्यावरही शहाणपणाची वाट हीच निघाली. मे 2013 मध्ये परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षिततेचा करार झाला, आणि तो कायद्याने बंधनकारक होता. त्यातली दोन कलमे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. इमारत धोक्याची वाटली तर आत न जाण्याचा कामगाराला हक्क, आणि त्यापायी पगार कापायचा नाही. दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला तरी ठरावीक मुदतीपर्यंत मजुरी चालू. म्हणजे काम काढून घेतले नाही. ‘नाही’ म्हणण्याची सोय तेवढी दिली. त्या वर्षाअखेर किमान वेतनही 5,300 टका झाले. धंदा बुडाला काय? पुढल्या पाच वर्षांत बांगलादेशची कपड्यांची निर्यात वाढलीच.

आपल्याकडेही हे घडून गेले आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांना पूर्वी आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची सभा भरवून ती मागितली, आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीने गिरण्या काही बंद पडल्या नाहीत.

आता शेवटचे सांगतो. सावर फार दूर आहे, तिथे आपण काय करणार, असे म्हणू नका. दिवाळीच्या आगेमागे गावातली जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि शाळेतली बाके रिकामी होतात. उचल फिटेपर्यंत त्यांनाही ‘नाही’ म्हणता येत नाही. मजुरी वाजवी की अवाजवी, यावर वाद घालण्याआधी एक साधी कसोटी लावून बघा: हा माणूस उद्या सकाळी ‘मी येत नाही’ म्हणाला, तर संध्याकाळी त्याच्या घरी चूल पेटेल काय? पेटणार नसेल, तर त्याने दिलेल्या होकाराला होकार म्हणू नये.