पोलिसांची बिनतारी आणि घरांतील कान

अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा किंवा पुतण्या सुटींत पुण्यास येतो, आणि येतांना घरच्या वडील माणसांसाठीं कांहीं तरी नवलाची वस्तु घेऊन येतो. कधीं कधीं त्याच्या पेटींतून मुठींत मावेल असें, वर काळा दांडा असलेलें एक यंत्र निघतें. त्यास स्कॅनर म्हणतात. सोबतच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें कीं, आपल्या गांवच्या पोलिसांच्या व आगीच्या बंबवाल्यांच्या लहरींचे आंकडे यांत भरावे आणि घरबसल्या सर्व ऐकावें. ही पुस्तिका अमेरिकन गृहस्थासाठीं लिहिलेली असते. सदाशिव पेठेंतल्या घरांत ती उघडणाऱ्यास तिचा अर्धा भाग उपयोगी पडतो. उरलेला अर्धा त्यास अडचणींत टाकतो.

उपयोगी भाग आधीं पाहूं. साध्या रेडिओची खुंटी फिरवून एक एक केंद्र शोधावें लागतें. स्कॅनर ही खुंटी स्वतःच फिरवितो. त्याच्या स्मरणांत शेंकडों घरें असतात, प्रत्येक घरांत एक आंकडा ठेवतां येतो, आणि गस्तवाल्यानें दारोदार कान लावीत जावें तसें हें यंत्र सेकंदास पन्नास-शंभर घरांवरून फिरतें. कोठें बोलणें चालू असलें कीं तेथें थांबतें. बोलणें संपलें कीं पुढें निघतें. आरंभींच्या यंत्रांत दर लहरीसाठीं निराळा स्फटिक विकत आणून बसवावा लागे. पुढें आंकडे बटणांनीं भरण्याची सोय झाली आणि स्फटिकांचा खर्च वांचला.

आंकडे भरण्याची कृति कठीण नाहीं. कठीण आहे ती शिस्त. प्रथम कागदावर कोष्टक आंखावें. घराचा क्रमांक, कंपनसंख्या, बोलण्याचा प्रकार आणि बोलणारा कोण, एवढे चार रकाने पुरतात. हें न करतां जो थेट बटणें दाबूं लागतो, त्यास आठ दिवसांनीं चाळिसाव्या घरांत काय ठेवलें होतें हें आठवत नाहीं. कंपनसंख्या म्हणजे लहर एका सेकंदांत जितके हेलकावे घेते ती संख्या. दहा लक्ष हेलकाव्यांचा एक मेगाहर्ट्झ होतो; जुन्या मंडळींच्या तोंडचें मेगासायकल तें हेंच.

उदाहरणादाखल आकाशवाणीच्या पुणें केंद्राचा एफ्. एम्. वरील १०१ हा आंकडा घ्यावा. रिकामें घर निवडून आंकडा दाबावा, जरूर तेथें दशांशाचें टिंब द्यावें, व स्वीकृतीचें बटण दाबावें. येवढ्यानें आवाज येतो. परंतु बोलण्याचा प्रकार अरुंद राहिला असेल तर गाणें फाटल्यासारखें ऐकूं येतें. गाण्याबजावण्यास रुंद वाट लागते, दोन माणसांच्या कामाच्या बोलण्यास अरुंद पुरते. विमानांचे चालक तर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अजून जुन्या ए. एम्. पद्धतीनेंच बोलतात. प्रकार चुकला तर आंकडा बरोबर असूनहि पदरीं गोंगाटच पडतो.

दुसरी खोड पायरीची. लहरींच्या वस्तींत दोन शेजारी बिऱ्हाडांमध्यें साडेबारा किंवा पंचवीस किलोहर्ट्झचें अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. अमेरिकन यंत्रांतील पायऱ्या अमेरिकेच्या वांटणीस अनुसरून असतात. भरलेला आंकडा त्या पायरीवर बसत नसेल तर यंत्र तक्रार न करतां जवळच्या पायरीवर उतरतें, आणि ऐकणाऱ्यास हव्या त्या घराऐवजीं भिंतीपलीकडची अस्पष्ट कुजबुज ऐकूं येते.

तिसरी खुंटी खरखर बंद करणारी. खरखर जेथें थांबते तेथेंच हात थांबवावा. पुढें पिळल्यास दुबळे आवाजहि दारांतच अडतात. नवशिके बहुधा येथें फसतात व यंत्र बिघडलें म्हणून दुकानदाराशीं भांडतात. शिवाय, प्रश्न ऐकून उत्तर येण्यापूर्वींच यंत्रानें पुढें निघून जाऊं नये म्हणून दोन-एक सेकंदांचा थांबा ठेवावा लागतो.

इतकें करूनहि पुण्यांत सर्वत्र सारखें ऐकूं येईल असें नाहीं. या लहरी प्रकाशाप्रमाणें बहुतेक सरळ चालतात. एका बाजूस पर्वती, दुसऱ्या बाजूस वेताळ टेकडी, यांच्या आडोशास असलेल्या घराला पलीकडचें बोलणें दुर्मिळ. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर चढविला तो याच कारणानें.

आतां अडचणीचा भाग. पोलिसांच्या गाडींतून रेडिओ नेण्याचे प्रयोग अमेरिकेंतल्या डेट्रॉइट शहरीं १९२० नंतर झाले. सरकारनें त्या केंद्रास करमणुकीचें केंद्र म्हणून परवाना दिल्यामुळें चोराचा ठावठिकाणा सांगण्याच्या मधूनमधून संगीत वाजवावें लागे, ही मौज इतिहासांत नमूद आहे. १९२८ मध्यें तेथील व्यवस्था नीट मार्गीं लागली. तत्कालीन पोलिसांच्या लहरी मध्यम लहरींच्या अगदीं शेजारीं असत. त्यामुळें घरोघरचे लोक जेवणखाण आटोपून पोलिसांचें बोलणें ऐकत बसत. कांहीं रेडिओंच्या तबकडीवर तर ‘पोलीस’ असें छापलेलेंच असे. तेथील लोकांस तें वावगें वाटलें नाहीं, आणि आजहि त्या देशांत पोलिसांच्या उघड्या लहरी ऐकणें सर्वसाधारणपणें गुन्हा नाहीं. पुस्तिकेंतला उत्साह या मातींतला आहे.

हिंदुस्थानांत कायद्याची वाट निराळी. १८८५ च्या तारखात्याच्या कायद्यानें संदेशवहनाचा हक्क सरकारकडे राहिला, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्याशिवाय असें यंत्र नुसतें जवळ बाळगणेंहि गुन्हा ठरलें. घरच्या साध्या रेडिओसहि पोस्टांतून परवाना काढावा लागे, तें पुस्तक आणि त्यावरचीं तिकिटें पुष्कळांच्या स्मरणांत असतील. साध्या रेडिओची ती कटकट पुढें गेली. पण स्कॅनर हा साधा रेडिओ नव्हे. संसदेनें २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा केला. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणें दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येंच टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. हें कलम २६ जून २०२४ पासून अंमलांत आहे. विलायतेंतहि परवानगीवांचून असलें ऐकणें निषिद्धच आहे, हें पाहिलें म्हणजे कडकपणा केवळ आपल्याकडेच आहे अशी तक्रार करण्यास जागा उरत नाहीं.

महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचें मुख्यालय पुण्यांतच, पाषाणच्या रस्त्यावर आहे. त्या लहरींवरून जातें तें बोलणें केवळ चोर आणि शिपाई यांचें नसतें. रात्रीं नवऱ्याच्या मारास भिऊन एखादी बाई मदत मागते, तेव्हां तिचें नांव, पेठ, घराचा क्रमांक, मजला, सारें पोलीस चौकीवरून गाडीस सांगितलें जातें. घरून हरवलेल्या मुलीचें वर्णन, विहिरींत सांपडलेल्या देहाची ओळख, अपघातांत गेलेल्या माणसाचें नांव त्याच्या घरीं कळण्यापूर्वीं लहरीवर येतें. तीच गोष्ट समोरच्या गच्चीवर बसलेल्या शेजाऱ्याच्या कानीं पडली तर सकाळीं नळावर तिची चर्चा होण्यास कितीसा वेळ? त्या बाईनें मदत पोलिसांकडे मागितलेली असते, आळीकडे नव्हे. ऐकणारा गृहस्थ स्वभावानें सज्जन असतो, हें त्या बाईच्या कांहीं उपयोगाचें नाहीं. वर्तमानपत्रवाले म्हणतात कीं पोलिसांचें काम लोकांस ऐकूं आलेंच पाहिजे, नाहीं तर त्यांच्यावर नजर कोण ठेवणार? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. परंतु त्याचें उत्तर न्यायालयांत, विधिमंडळांत आणि माहितीच्या अधिकारांत शोधण्यासारखें आहे. त्या बाईच्या पत्त्यांत तें सांपडत नाहीं.

शिवाय जगांतील पुष्कळ पोलीसदलें आतां बोलण्याचे आंकडे करून, त्यांवर कुलूप घालून पाठवितात. असल्या लहरीवर साधा स्कॅनर थांबतो खरा, पण त्यांतून बोलण्याऐवजीं नुसती घरघर निघते.

मग यंत्र पेटींतच ठेवावें काय? ज्यास खरी हौस आहे त्यानें केंद्रसरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा परवाना घ्यावा. बारा वर्षांच्या मुलासहि ती देतां येते; साठी उलटलेल्यास मनाई नाहीं. परवानाधारकांसाठीं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, आणि त्यांतच १४५.८०० ही आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची खालीं बोलण्याची जागा आहे. हें स्थानक सुमारें दीड तासांत पृथ्वीस एक फेरी घालतें. पुण्यावरून गेलें तर फार तर दहा मिनिटें क्षितिजाच्या वर राहतें. येतांना त्याची लहर किंचित् उंच व जातांना किंचित् खालीं लागते. फलाटावरून न थांबतां जाणाऱ्या गाडीच्या शिटीचें जें होतें तेंच येथें होतें. येथें मात्र डोंगराचा अडसर फारसा नाहीं, कारण बोलणारा डोक्यावरच असतो.

परवान्याचा हा दोर कोणाच्या हातीं असतो यावर पुष्कळ अवलंबून असतें. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच इंग्रज सरकारनें हौशी मंडळींचीं प्रक्षेपकयंत्रें जमा करून घेतलीं. पुढें १९४२ च्या ऑगस्टमध्यें पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांवर दाब आला, तेव्हां मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्या वेळीं लपून बोलणारे नागरिक होते, आणि कान लावून माग काढणारे पोलीस. जागा वारंवार बदलूनहि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं ते केंद्र गांठलें. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली; ती त्यांनीं पुण्याच्या येरवडा तुरुंगांत भोगली, व १९४६ च्या मार्च महिन्यांत त्या सुटल्या. ४२.३४ मीटर म्हणजे आजच्या मापानें सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा आतां परवानाधारक हौशी मंडळींच्या ७ ते ७.२ च्या पट्ट्यांत येते. अमेरिकेहून आलेला मुठींतला स्कॅनर मात्र बहुधा २५ च्या खालीं उतरत नाहीं. तेथलें ऐकण्यास निराळें ग्राहकयंत्र आणि गच्चीवर वीस मीटर लांबीची तार लागते.