बिन-आरशाचा कॅमेरा आणि खिशांतला कॅमेरा

एखादी वस्तु तिच्यांत काय नाहीं यावरून ओळखली जावी, असें क्वचितच घडतें. बिनपाण्याची विहीर किंवा बिनमिठाचें वरण अशीं नांवें दोष दाखविण्याकरितांच दिलेलीं असतात. परंतु ‘मिररलेस’, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, हें नांव ज्यांनीं रूढ केलें त्यांना त्यांत त्या यंत्राचा गुण सांगावयाचा होता. गंमत अशी कीं, खिशांत मावणाऱ्या ज्या छोट्या कॅमेऱ्यास व्यापारी ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात, त्यांतही आरसा नसतोच. मग दुकानाच्या काचेआड शेजारीं शेजारीं मांडलेल्या या दोन यंत्रांत भेद तो कोणता, आणि घरांत एकच घ्यावयाचें झाल्यास कोणतें घ्यावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा राहत नाहीं.

मुळांत आरसा होता कोठें, हें आधीं पाहिलें पाहिजे. भिंगांतून आंत आलेला प्रकाश ४५ अंशांच्या कोनांत बसविलेल्या आरशानें वर वळवावयाचा आणि जें चित्र फिल्मवर उठणार तेंच पाहणाऱ्याच्या डोळ्यास अगोदर दाखवावयाचें, ही रिफ्लेक्स कॅमेऱ्याची युक्ति होय. ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठीं ती ड्रेस्डेन येथें तयार झालेल्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्यांत १९३६ सालीं योजिली गेली. बटण दाबतांच आरसा उचलला जावयाचा; त्यास उचलण्यास जागा हवी; म्हणून भिंग फिल्मपासून बरेंच दूर ठेवणें प्राप्त होतें. निकॉनच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. त्याच कंपनीनें २०१८ सालीं काढलेल्या बिन-आरशाच्या कॅमेऱ्यांत तें अवघें १६ मिलिमीटर झालें. फिल्मच्या जागीं सेन्सर आला आणि सेन्सरवरचें चित्र मागील पडद्यावर क्षणोक्षणीं पाहतां येऊं लागलें, तेव्हां आरशास काम उरलें नाहीं. २००८ सालीं पॅनासोनिकनें जी१ हा कॅमेरा बाहेर काढला. भिंगें बदलण्याची सोय कायम ठेवून आरसा तेवढा काढून टाकणाऱ्या आजच्या कुळाचा तो मूळपुरुष मानण्यास हरकत नाहीं.

तेव्हां खरा भेद आरशाचा नव्हे, भिंगाचा आहे. एकाचें भिंग काढतां येतें, दुसऱ्याचें जन्मभर तेंच राहतें. बाकीचे बहुतेक भेद यांतून निघतात.

दुकानदार मात्र सेन्सरच्या आकारापासून आरंभ करतो, आणि त्याचें सर्वस्वीं चुकतें असेंही नाहीं. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारें ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. कांहीं उंची कॉम्पॅक्टांत ‘एक इंची’ म्हणून जो सेन्सर येतो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्यांत इंच कोठें आहे हें शोधण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. दूरदर्शनच्या जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या मापावरून राहून गेलेलें तें नांव आहे. पॅनासोनिक व ऑलिंपस या दोघांनीं अवलंबिलेला सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, आणि ज्यास ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो ३६ बाय २४ चा. या शेवटल्या मापाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. जड तबकडीचा कॅमेरा वाहून नेणें ज्याच्या प्रकृतीस झेपत नव्हतें, त्या ऑस्कार बार्नाकनें वेट्झ्लार येथें सिनेमाच्या फिल्मची दोन चित्रें एकत्र करून हें माप बसविलें, आणि १९२५ सालीं लायका बाजारांत आला तेव्हां हें माप फारच लहान अशी तक्रार होत असे. आज तेंच माप मोठेपणाची खूण म्हणून विकलें जातें!

मोठा सेन्सर म्हणजे मोठें ताट. पण ताट मोठें असून भागत नाहीं, वाढणारी पळीही मोठी लागते. आणि येथें पळी म्हणजे भिंगाचें छिद्र. हा हिशेब नीट समजण्याकरितां दोन प्रत्यक्ष यंत्रें समोर ठेवलेलीं बरीं. सोनीचा आरएक्स१०० हा कॉम्पॅक्ट २०१२ सालीं ६५० डॉलरांस, आणि पॅनासोनिकचा जीएम१ हा बिन-आरशाचा कॅमेरा २०१३ सालीं भिंगासह ७५० डॉलरांस विकावयास आला. जीएम१ चें नुसतें शरीर सोनीहूनही किंचित् लहान होतें. त्याची लांबी ९८.५ मिलिमीटर, तर सोनीची १०१.६. वजन बॅटरीसकट २०४ ग्रॅम, सोनीचें २४०. मात्र सोनीचें भिंग त्या वजनांत आलेलें आहे. जीएम१ वर त्याचें ७० ग्रॅमचें भिंग चढविलें कीं तो जड होतो, आणि जाडीही वाढते. तरीसुद्धां इतकीं तुल्यबळ यंत्रें दोन पंथांतून पुन्हां क्वचितच समोरासमोर आलीं.

आतां दिवेलागणीची वेळ घ्यावी. देवघरांत समई तेवत आहे, आजी हात जोडून बसली आहे, आणि घरांतल्या कोणाला तरी तें चित्र हवें आहे. फ्लॅश लावला तर समईचा प्रकाश मरतो आणि भिंतीवर काळी सांवली उठते. म्हणजे जें टिपावयाचें तेंच नाहीसें होतें. सोनीचें भिंग पूर्ण रुंद दृश्यावर असतां एफ १.८ पर्यंत उघडतें. जीएम१ चें सोबतचें भिंग एफ ३.५ पर्यंतच. आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाशाचा हिशेब वर्गानें होतो. म्हणून सेन्सरच्या तितक्याच जागेवर सोनीचें भिंग जवळजवळ पावणेचारपट प्रकाश टाकतें. जीएम१ चा सेन्सर क्षेत्रफळानें दुप्पट खरा, पण ताट दुप्पट आणि वाढप चौथाई अशी त्याची अवस्था होते. सोनीनें जें चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागांत घेतलें असतें, त्यास तेवढ्याच संवेदनशीलतेवर या भिंगानें सेकंदाचा आठवा भाग लागतो. हाताचा कंप आंवरण्याची योजना दोन्ही भिंगांत आहे. परंतु आजीनें मान हलविली तर ती योजना कांहीं करूं शकत नाहीं. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊनही घरांतलीं चित्रें पुसट कां येतात, याचें उत्तर पुष्कळदां इतकेंच असतें.

येथवर खिशांतल्या कॅमेऱ्याची सरशी झाली. पण आजी अंमळ दूर बसलेली असली आणि तिचा चेहराच हवा असला तर? रुंद भिंग चेहऱ्याजवळ नेलें तर नाक मोठें आणि कान मागें गेलेले दिसतात. म्हणून मागें राहून दृश्य जवळ ओढावें लागतें. तसें ओढतांच सोनीचें छिद्र आवळत जातें, आणि शेवटच्या टोंकास एफ ४.९ वर येऊन थांबतें. म्हणजे मूळ प्रकाशाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. कॉम्पॅक्टजवळ यावर उपाय नाहीं. जीएम१ चा धनी मात्र आपलें भिंग काढून ऑलिंपसचें ४५ मिलिमीटरचें, एफ १.८ चें भिंग बसवूं शकतो. दोन कंपन्यांनीं माप एकच ठेवल्याचा हा लाभ. हें भिंग २०११ सालचें, ११६ ग्रॅमचें आणि तेव्हां सुमारें ४०० डॉलरांचें. साधारण त्याच चौकटींत सेन्सरला सोनीपेक्षां एकंदर चौदापट प्रकाश मिळतो. त्यांत कंप आंवरण्याची सोय नाहीं, जीएम१ च्या शरीरांतही ती नाहीं, म्हणून हात स्थिर हवा. पण चौदापट हा फरक हात थोडा कांपला तरी पुरून उरणारा आहे. चेहऱ्यामागची भिंत मऊ, धूसर होते आणि चेहरा तेवढा उठून दिसतो.

यावरून निवडीचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणीं येऊन पोंचतो. जो दुसरें भिंग घेणार आहे, वाचून-पाहून त्याचा उपयोग करणार आहे, त्यानें बिन-आरशाचा कॅमेरा घ्यावा. जो सोबत आलेल्या भिंगावरच कायमचा थांबणार आहे, त्यानें तो घेणें म्हणजे माडी बांधण्याकरितां पाया खोल खणावा आणि वर पत्र्याची शेड घालावी, तसें होय. आणि मनुष्य स्वतःविषयीं या बाबतींत फारसा खरा बोलत नाहीं, असा अनुभव आहे. दुकानांत उभें असतां प्रत्येकजण पुढें दोन भिंगें घेणारच असतो.

शटरविषयीं थोडें. कॉम्पॅक्टचें शटर बहुधा भिंगाच्या आंतच पाकळ्यांसारखें उघडतें व मिटतें. तें जवळजवळ आवाज करीत नाहीं, आणि भर उन्हांत फ्लॅश वापरून चेहऱ्यावरची सांवली घालवितां येते. जीएम१ चें शटर सेन्सरपुढें आहे, आणि फ्लॅशशीं त्याचा मेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जलद वेगानें बसत नाहीं. दुपारच्या मांडवाबाहेर ही अडचण चांगलीच जाणवते. आवाज अजिबात नको असल्यास त्यांत विजेचें शटर आहे. मात्र त्यानें धांवतें वाहन तिरपें झाल्यासारखें येतें.

कोंकणपट्टींत, आणि मुंबईंतही, चार महिन्यांच्या पावसाळ्याचा हिशेब निराळा धरावा लागतो. दमट हवेंत कपाटांत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु धरतात आणि पुढें कांचेवरील लेपही खातात. बुरशी दोन्ही कॅमेऱ्यांस सारखीच. परंतु एकाचें भिंग काढून साफ करावयास किंवा बदलावयास देतां येतें. दुसऱ्याचा सबंध कॅमेराच जातो. उलट, भिंग बदलतांना सेन्सरवर धूळ बसते ती बिन-आरशाच्याच वाट्यास. कॉम्पॅक्ट त्यांतून अगदींच सुटतो असें नव्हे. आंतबाहेर होणारें त्याचें भिंग हवेबरोबर धूळ ओढतें, आणि ती एकदां आंत गेली कीं घरीं काढतां येत नाहीं. दोन्ही यंत्रें चामड्याच्या पिशवींत बंद करून ठेवूं नयेत. झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि अधूनमधून उजेडांत काढून, तीं टिकवावीं.

छोट्या कॅमेऱ्याचा जो सर्वांत मोठा गुण, खिशांत असणें, तो आतां मोबाइल फोननें बळकाविला आहे. जपानी उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारांत गेले, आणि त्यांतले बहुतेक न निघणाऱ्या भिंगाचे होते. २०२३ सालीं सर्व प्रकारचे मिळून ८० लाखही भरले नाहींत. नखाएवढ्या सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट या पुरांत वाहून गेला, आणि त्याबद्दल फारसें दुःख करण्याचें कारण नाहीं. तें काम फोन करतोच. जीएम१ चें इवलें कुळही थोडक्यांत आटोपलें. लोकांना बिन-आरशाचा कॅमेरा हातांत भरणारा हवा होता, असें कंपन्यांनीं पाहिलें, आणि यंत्रें पुन्हां वाढत गेलीं. त्यामुळें आज नवा घेणाऱ्यापुढें निवड अधिक तीव्र झाली आहे: एकीकडे मोठ्या सेन्सरचा, महाग, एकाच भिंगाचा खिशांतला कॅमेरा, आणि दुसरीकडे खांद्यावर पिशवी मागणारा संसार. दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतल्या गेल्या वर्षाच्या चित्रांतून ज्या वेळीं मोठा कॅमेरा घरींच राहिला ते प्रसंग, आणि ज्या वेळीं फोन अपुरा पडला ते प्रसंग, असे दोन रकाने मांडून पाहावेत. समईचें चित्र कोणत्या रकान्यांत पडतें, तें प्रत्येक घरीं वेगळें निघेल.