आभाळातली टेहळणी



लोंगेवालाची लढाई आपल्यापैकी बहुतेकांनी ‘बॉर्डर’ सिनेमात पाहिली आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान रात्रभर ठाण मांडून राहिले. ५ डिसेंबर १९७१ ला उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली आणि पाकिस्तानी रणगाडे पेटू लागले. पण त्या आभाळात आणखी एक विमान होते. आज त्याच्याविषयी बोलतो.

त्याचे नाव ‘कृषक’. बंगळूरला बनलेले, एका इंजिनाचे, संथ आणि निःशस्त्र. ते उडवत होते मेजर आत्मासिंग. ते हवाई दलाचे नव्हेत, भूदलाच्या हवाई टेहळणी तुकडीचे, म्हणजे ‘एअर ओपी’चे अधिकारी. हंटर लक्ष्यावरून क्षणात निघून जाते. खाली वाळू, धूर आणि जवळच आपले जवान. रणगाडा नेमका कुठे आहे, हे आत्मासिंग घिरट्या घालत रेडिओवर सांगत होते.

ही कल्पना जन्मली तोफखान्यात. तोफ डोंगरापलीकडे गोळा फेकते, पण तोफेजवळच्या माणसाला पलीकडचे दिसत नाही. मग तोफेचे गणित जाणणाऱ्यालाच विमान चालवायला शिकवावे, असे ठरले. ब्रिटिशांनी १९४१ साली अशी पहिली स्क्वाड्रन उभारली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे एक छोटी फ्लाइट उरली. तिची ऑस्टर विमाने १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात उडाली. पुढे १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाले. त्याच्या वैमानिकांचे प्रशिक्षण नाशिक रोडला होते. तोफखान्याची शाळा शेजारीच, देवळालीला.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्याकडे औषध देण्याआधी रोग्याची हकीकत पुरती ऐकावी लागते. निदान चुकले तर चांगले औषधही वाया जाते. रणांगणावर मात्र वाया जाऊन भागत नाही; चुकलेला गोळा आपल्याच माणसांवर पडतो. म्हणून या टेहळ्याचे काम दुहेरी आहे: शत्रू दाखवायचा आणि आपला माणूस वाचवायचा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या कितीतरी घरांतली मुले पायदळात गेली. तुमच्याकडे कुणी निवृत्त सुभेदार असतील, तर त्यांना एकदा विचारा, खंदकात असताना डोक्यावर आपल्या छोट्या विमानाची घरघर ऐकू आली की काय वाटायचे? ते सांगतील ते लिहून ठेवा. पदकांच्या यादीत ते सापडणार नाही.