वसतिगृहाची किल्ली
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



आगीविषयी आपणांस काही सांगावयास उभे राहताना मला संकोच वाटतो. राब भाजणाऱ्या शेतकऱ्यांच्या या तालुक्यांत आगीची ओळख कोणाला नाही? राबाला काडी लावण्यापूर्वी शेतकरी बांधावरचे गवत साफ करतो, वाऱ्याचा रोख पाहतो, हाताशी हिरवा टहाळा ठेवतो आणि विस्तव निवेपर्यंत जागा सोडीत नाही. परंतु तोच गृहस्थ शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आला, की स्वयंपाकघरातला सिलिंडर कोठे ठेवला आहे हे पाहण्याचे त्याच्या मनात येत नाही. सरकारी इमारत सिमेंटची, तिला काय होणार, असे आपण सारे धरून चालतो.

सिमेंटची भिंत जळत नाही हे खरे. तिच्या आत आपण जे भरतो ते जळते. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले तिने व्यापले. पाच माणसे दगावली. लाकडी आडभिंती, खोटी छते आणि कागदांचे गठ्ठे यांनी तिला खाद्य पुरविले. राज्याच्या मुख्य कचेरीत हे घडू शकते, तर पंचायतीच्या दप्तराच्या खोलीत, जेथे जुन्या फायलींवर विजेची उघडी तार लोंबते, तेथे काय घडेल याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

शाळांच्या बाबतीत कुंभकोणमची आठवण टाळता येत नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील त्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग वरच्या वर्गांच्या झावळ्यांच्या छपराला लागली. जिना अरुंद होता. जळते छप्पर मुलांवर कोसळले आणि ९४ बालके गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली याच दुर्घटनेसंबंधीच्या याचिकेवर निकाल देताना, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे मानले. आपल्याकडे झावळ्या नसतील. पण चुलीला लागून रचलेली लाकडे, पेंढा, पटावरील मुलांसाठी आलेली धान्याची पोती आणि त्यांच्यापलीकडे एकच जिना, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचेही तेच. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या बक्षीस समारंभात कृत्रिम कापडाचा मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, मृत्युमुखी पडली.

आपल्या राज्यातील भंडारा जिल्हा रुग्णालयाची घटना तर अजून मनात ताजी आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरांपैकी सात बालके वाचली, दहा गेली. अशा प्रसंगी ज्वालेआधी धूर पोहोचतो, हे लक्षात ठेवावे. धुराने भरलेल्या खोलीत जमिनीलगत थोडी बरी हवा असते, म्हणून मुलांना वाकून, भिंतीच्या कडेने बाहेर पडण्याचा सराव हवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या आश्रमशाळांत शेकडो मुलेमुली रात्री निजतात. मुलींच्या वसतिगृहाला रात्री लोखंडी जाळीचे दार लावून बाहेरून कुलूप घालण्याची पद्धत काही ठिकाणी मी पाहिली आहे. अधीक्षकांना त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. मला ते तितकेसे न्याय्य वाटत नाही. आडरानातली इमारत, अनोळखी माणसाची भीती, पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या लेकी. कुलूप घालणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण रात्री दोन वाजता धूर झाला आणि किल्ली ज्याच्याजवळ तो दुसऱ्या गावी असला, तर तीच काळजी जिवावर बेतते. शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी सहाशेवर माणसे मेली. नाट्यगृह आगीपासून पूर्ण सुरक्षित असल्याची जाहिरात झाली होती. मात्र काही दारे कुलूपबंद होती, काही आत उघडणारी. गर्दी दारावर रेटली की आत उघडणारे दार उघडतच नाही. त्यानंतरच आतून नुसते ढकलताच उघडणाऱ्या आडदांड्याच्या दारांचा प्रसार झाला. आपल्यालाही तोच मार्ग आहे: कडी आतून, बाहेरून कोणास उघडता न येणारी; दार बाहेर उघडणारे; आणि रात्री आत निजणारी एक जबाबदार बाई. दुसरे दार हवेच. ते असते, पण त्याच्यासमोर गाद्या रचलेल्या असतात.

उपकरणांविषयी थोडक्यात. वाळूच्या लाल बादल्यांत विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या पाहून मला नेहमी वाटते, की त्यांचा उपयोग होतो तो एवढाच! भुकटीच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे दरमहा पाहावे. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये. गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो, तेव्हा वास येताच दिवा लावू वा मालवू नये; दारेखिडक्या उघडाव्यात. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे आणि जानेवारी व जुलै अशी वर्षातून दोनदा तसे प्रमाणपत्र देण्याचे ठरविले आहे. प्रमाणपत्र कागदावर असते. काटा पाहायला माणूसच लागतो.

पाण्याची गोष्ट बोलताना वाईट वाटते. तानसा आणि भातसा यांचे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोळखांब किंवा टोकावडे भागातील आडवाटेच्या पाड्यावर बंब पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. म्हणून पंचायतींना सुचवितो, की टँकरला लहान पंप आणि लांब नळी जोडून घ्यावी, आणि शाळेच्या टाकीच्या तळाशी आगीसाठी राखीव पाणी राहील अशा उंचीवर वापराची तोटी बसवावी. खर्च फार नाही.

येत्या आठवड्यात एका रात्री, मुलांना पूर्वसूचना देऊन, पण दिवे मालवून, सर्वांना अंगणात आणून पाहा. हजेरीपटाप्रमाणे डोकी मोजा. शेवटचे मूल बाहेर यायला किती मिनिटे लागली ती घड्याळ लावून नोंदवहीत लिहा, आणि ती नोंद पंचायतीच्या पुढल्या बैठकीत वाचून दाखवा.